पाच मोजेपर्यंत

कंपनीचा माणूस पाच वाजता येणार होता आणि तीन वाजून दहा मिनिटांनी धाकट्याने सही करून पेन टेबलावर ठेवलेसुद्धा.

"वाचलंस तरी का?" त्याच्या बहिणीने, छत्रीने, विचारले.

"दोनदा. शेवटचं पान तीनदा. रक्कम तिथं आहे."

कुणी हसले नाही. धाकट्याच्या विनोदाला या माडीवर सगळ्यांत आधी वहिनी हसायची. आज ती टेबलाचा पुसलेला कोपरा पुन्हा पुसत होती.

खाली पेढी बंद होती. पेढीची सुट्टी गुरुवारी आणि कारखान्यांची रविवारी, ही सोय सासूबाईंनी मुद्दाम केलेली. आपण रिकामे असू तेव्हा कर्जदार कामात असला पाहिजे, म्हणजे न सांगता जाऊन बघता येते. वरच्या या लांब खोलीत त्यांच्या मृत्यूनंतर चार खुर्च्या उरल्या होत्या, कारण पेढीचे वाटे चार झाले होते: दोन मुलगे, एक मुलगी आणि थोरली सून. सुनेला वाटा कशाला, असे तेव्हा कुणीतरी कुजबुजले होते. त्याचे उत्तर मृत्युपत्रातच एका ओळीत लिहिलेले निघाले. 'कारण वही ती लिहिते.'

पेढी विकायला चारपैकी तीन सह्या पुरेशा होत्या.

वही म्हणजे तपासणीची वही. यंत्रासाठी कर्ज मागणाऱ्याच्या कारखान्यात अचानक जायचे, नमस्कार-चमत्कार होण्याआधी यंत्रावर तळहात टेकवायचा, मनात पाच मोजायचे, हात काढायचा आणि वहीत तीनपैकी एक शब्द लिहायचा. गरम, कोमट किंवा गार. चालते यंत्र ऊब धरून असते, आणि ती ऊब ऐन वेळी आणता येत नाही. सासूबाई तिला पहिल्यांदा बरोबर घेऊन गेल्या तेव्हा एकच ताकीद दिली होती. "पाचाच्या पुढं हात ठेवायचा नाही. पाचापर्यंत लोखंड बोलतं. पुढं तुझाच हात बोलतो."

एकतीस वर्षे वहिनीने ती वही लिहिली. त्यातली शेवटची सहा वर्षे कशी लिहिली ते तिला ठाऊक होते, आणि या खोलीतल्या आणखी एका माणसाला. त्याने आताच सही केली होती. अजून दोन सह्या झाल्या की वह्या कपाटात जातील, कपाट कंपनीकडे जाईल आणि विषय कायमचा संपेल. तिने फडके पिळून खिडकीवर टाकले. आपल्याला तेच हवे आहे की नको आहे, हे तिला सकाळपासून ठरवता आले नव्हते.

जिन्यावर पावले वाजली. बगलेत गुंडाळी धरून पट्टी आत आली. थोरल्याची आणि वहिनीची ही एकुलती मुलगी. लहानपणी पोळीचासुद्धा व्यास मोजायची म्हणून आधी फूटपट्टी, मग नुसती पट्टी. आता ती मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. शहरभरचे तापमापक तिच्या टेबलावरून पास होऊन जात.

"बाबा, सह्यांच्या आधी वीस मिनिटं द्या."

"वीस म्हणजे एकोणीस नव्हेत आणि एकवीस नव्हेत," धाकटा म्हणाला.

"काका, अठरात संपवते. दोन तुम्हाला टोमण्यांसाठी."

*

थोरल्याने घड्याळ पाहिले आणि मान हलवली. मुलीला नाही म्हणायची सवय त्याने लावून घेतली नव्हती.

तो आईच्या खुर्चीत बावीस वर्षे बसत होता. त्या बावीस वर्षांत एका ठेवीदाराचा एक पैसा बुडाला नव्हता, आणि तरीही गेल्या वर्षापासून त्याला आपण दुकानातल्या जुन्या तराजूसारखे झालो आहोत असे वाटू लागले होते. नीट तोलतो म्हणून कौतुक करायचे आणि माल दुसरीकडे तोलायचा. कंपनीच्या माणसाने याच टेबलावर फोन ठेवून दाखवले होते. नाव घाला, नंबर घाला, सात मिनिटांत कर्ज. आपल्याकडे अर्जाला सात दिवस लागतात, वर बायको जाऊन यंत्राला हात लावणार. हे ऐकून तो माणूस हसलाही नव्हता, हे त्याला जास्त लागले होते.

पट्टीने आलेखाचा लांब कागद टेबलभर उलगडला. चार कोपऱ्यांवर चार वजने ठेवली, शाई भरलेली दौतसुद्धा.

"एकतीस वर्षांच्या वह्या आणि कर्जाचे अर्ज उतरवून घेतले. चार महिने लागले. ही निळी रेघ म्हणजे पेढीनं वाटलेलं कर्ज. ही काळी, कारखान्यांत कामावर असलेली माणसं."

"निळी वर चाललीय," थोरला म्हणाला.

"दहा वर्षांत तिप्पट."

"मग? पैसा शहरात फिरतोय म्हणजे शहर वाढतंय. यात वादाचं काय आहे?"

"काळी बघा ना, बाबा. एकतीसशे माणसं होती, तेवीसशे उरली."

थोरल्याने काळ्या रेघेवरून बोट फिरवले. हे आकडे त्याने असे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. कर्जाचा आकडा दरवर्षी फलकावर लागत असे. माणसे कुठल्याच फलकावर लागत नसत.

"मी म्हणून कर्ज वेगवेगळं काढलं," पट्टी म्हणाली. "सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, तिथंच चुकतं. यंत्रासाठी दिलेलं कर्ज आणि वहीत 'गरम', अशी जोडी असेल तर पुढच्या तीन वर्षांत त्या कारखान्यात सरासरी दोन माणसं वाढली. 'गार' असताना दिलेलं असेल तर एकही नाही. प्लॉटसाठी, घरखर्चासाठी दिलेलं कर्ज: शून्य. म्हणजे शून्याच्या इतकं जवळ की मी शून्य म्हणते."

"पट्टी शून्य म्हणाली म्हणजे ते खरंच शून्य," धाकटा पुटपुटला.

"बिलावरची आगाऊ रक्कम वेगळी. माल गेला, बिल झालं, पैसे तीन महिन्यांनी येणार, तोवर आपण देतो ती. तिनं माणसं वाढत नाहीत. पण ती घेणाऱ्या शंभर कारखान्यांतले चार बंद पडले, न घेणाऱ्यांतले एकोणीस. वाढ नाही, पण पडझड थांबते. वाढायला आधी टिकावं लागतं."

"आणि आमचं?" छत्रीने विचारले. आवाज तिने मुद्दाम हलका ठेवला होता.

*

तिला छत्री म्हणत कारण ती विमा विकायची. पाऊस नसताना छत्री विकणारी, हा धाकट्याचा विनोद तिने तीस वर्षे ऐकला होता, लग्नात ऐकला होता, नवरा गेल्यावर महिन्याभरात ऐकला होता. पेढीच्या खालच्या मजल्यावर जिन्याखालच्या कोपऱ्यात तिचे टेबल होते. कंपनीच्या कागदात त्या कोपऱ्याबद्दल अर्धी ओळ होती: 'विमा विभाग बंद करण्यात येईल.' ती ओळ वाचूनही ती सही करणार होती. वय साठाकडे झुकले होते, आणि कोपऱ्याचे भावही कधीतरी ठरतातच.

"आत्या, विम्यानं एकही माणूस वाढला नाही," पट्टी म्हणाली.

"बघ. मी म्हणतच होतो," धाकटा म्हणाला.

"काका, माझं वाक्य संपलं नाही. पण विमा उतरवलेला कारखानदार पुढचं यंत्र घेतो ते दीडपट किमतीचं घेतो. दरवेळी. आग लागली तर रस्त्यावर येणार नाही, एवढं कळलं की माणूस मोठं पाऊल टाकतो. तुझी छत्री पावसात उघडत नाही. ती हातात असते म्हणून लोक घराबाहेर पडतात."

छत्रीने पेनाचे टोपण लावले. मग चष्मा काढून पदराने पुसला. चष्म्याला काही झाले नव्हते.

"दीडपट?"

"एक पूर्णांक चार आठ."

"तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही," छत्री म्हणाली. ती धाकट्याकडे वळली. "मी सही करत नाही. ही कंपनी काय देणार? फक्त कर्ज. सात मिनिटांत, ज्याला हवं त्याला, ज्याला नको त्यालाही. बिलं नाहीत, विमा नाही, यंत्राला हात नाही. मग ही निळी रेघ जाईल आभाळात आणि काळी जाईल तळघरात."

"तुझं टेबल वाचतंय म्हणून बोलतेस."

"आणि तू कशासाठी बोलतोस ते सांग एकदा. सकाळपासून घाई कुणाला झालीय?"

वहिनीने खिडकीची कडी उगाच लावली आणि काढली.

"भांडू नका," थोरला म्हणाला. तो उठून आलेखावर वाकला होता. बोट त्याने कागदाच्या उजव्या टोकाला ठेवले होते. "पट्टे, हे इथं काय झालं?"

पट्टीला हा प्रश्न येणार हे माहीत होते. वीस मिनिटांतली शेवटची चार तिने त्यासाठीच राखून ठेवली होती.

"शेवटची सहा वर्षं. इथून पुढं 'गरम' लिहिलेल्या कारखान्यांतही माणसं वाढत नाहीत. उलट कमी होतात. पंचवीस वर्षं जे जुळत होतं ते अचानक जुळेनासं झालं."

"का?"

"माहीत नाही."

"म्हणजे हात संपला," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. "आईच्या वेळचं लोखंड, आईच्या वेळची माणसं. तेव्हा कळायचं हातानं. आता नाही कळत. तुझाच कागद सांगतोय."

पट्टीने कागदाच्या उजव्या टोकाकडे पाहिले. खोटे बोलणे तिला जमत नसे, आणि सोयीचे बोलणेही तिला त्याच्या शेजारचेच वाटे. "असाही अर्थ निघतो, बाबा. मी सगळं तपासलं. बाजार, भाव, यंत्रांचे प्रकार. दुसरं कारण सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नाही, असं मी म्हणत नाही. पण आज माझ्याकडे नाही."

थोरल्याने खिशातून स्वतःचे पेन काढले. सही केली. त्याची सही लांब होती, शेवटच्या अक्षराला खाली वळण असलेली. दोन झाल्या.

"तू ठरव," तो छत्रीला म्हणाला. "मी जबरदस्ती करणार नाही. पण जे मेलंय ते सांभाळत बसण्यात अर्थ नाही."

छत्रीने पेनाचे टोपण पुन्हा काढले.

*

धाकट्याने वहिनीकडे पाहिले. वहिनी आपल्या उजव्या तळहाताकडे पाहत होती.

ती या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि तापाने फणफणला होता. नव्या साडीतली अनोळखी बाई येऊन पलंगाच्या कडेला बसली आणि तिने हाच हात त्याच्या कपाळावर ठेवला. "काही नाही, उतरेल," असे म्हणाली. पुढे त्याचे शाळेचे डबे, त्याच्या खोट्या सह्या, त्याचा स्प्रिंगांचा कारखाना सुरू झाला त्या दिवशीची काळजी, सगळे त्याच हाताखालून गेले. सहा वर्षांपूर्वी मोठी गिऱ्हाइके एकेक करून निघून गेली आणि त्याने कर्जाचा अर्ज केला. वहिनी गुरुवारी आली. तो दारात उभा राहून म्हणाला होता, "वहिनी, एवढं एक वर्ष." बाकी काही म्हणाला नव्हता.

आता तो मनात तेच म्हणत होता. एवढी एक सही.

"थांब," वहिनी म्हणाली.

छत्रीचे पेन कागदाला लागले होते. निळा ठिपका उमटला.

"हात संपलेला नाही," वहिनी म्हणाली. "मी संपले."

"वहिनी, बसा तुम्ही," धाकटा पटकन म्हणाला. "सकाळपासून उभ्या आहात."

"भाऊजी, आता मला बसवू नका." तिने खुर्चीची पाठ धरली. "सहा वर्षांपूर्वी भाऊजींच्या कारखान्यात गेले होते. यंत्रावर हात ठेवला. पाच मोजले. गार होतं. वही हातात होती, भाऊजी समोर होते. मी हात काढला नाही. दहा मोजले, पन्नास मोजले. शंभराच्या पुढं कुठंतरी ते गार लागेनासं झालं. मग मी 'गरम' लिहिलं."

छत्रीने पेन खाली ठेवले.

"लोखंड गरम होत नाही, आई," पट्टी हळूच म्हणाली. "हाताला गार जाणवायचं थांबतं."

"सासूबाईंनी सांगितलं होतं ते. तुझ्यापेक्षा कमी शब्दांत."

"एका कारखान्यानं रेघ वाकत नाही," थोरला म्हणाला. शब्द तो एकेक करून ठेवत होता.

"एक कुठं? घरच्याला गरम लिहिल्यावर बाहेरच्याला गार कोणत्या तोंडानं लिहू? पुढच्या गुरुवारी कुलूपवाल्याकडे गेले. गार. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, मुलीचं शिक्षण सांगितलं. मनात आलं, भाऊजींना एक न्याय आणि हिला दुसरा? गरम लिहिलं. पहिल्या वर्षी असे बारा. दुसऱ्या वर्षी मोजायचं सोडलं. गेली दोन वर्षं मी जात नाही. गुरुवारी वही घेऊन निघते, नदीवरच्या बाकावर बसते आणि तिथंच लिहिते. सगळे गरम."

"आणि पैसे?" छत्रीने विचारले. "यंत्रांसाठी दिलेले?"

उत्तर धाकट्याने दिले. आता त्याचा आवाज विनोदाचा नव्हता, म्हणून तो वेगळ्याच माणसाचा वाटला. "बाहेरच्या रस्त्याला प्लॉट पडले होते. सगळेच घेत होते. मी दोन घेतले. यंत्र दाखवायला भंगारातनं एक आणून रंगवलं. हप्ता एकदाही चुकवला नाही, दादा."

"कशातून भरलास?"

"पुढच्या कर्जातून."

"आणि आज?"

"माझ्या वाट्याच्या रकमेत सगळं मिटलं असतं. कुणाला कळलं नसतं."

"जिला आई समजून तू—" छत्री बोलता बोलता थांबली. मग वहिनीकडे वळली. "मला सांगायचं होतंस. मी काय परकी होते?"

"तू आधी माझा विमा उतरवला असतास," वहिनी म्हणाली, आणि त्या दोघी एकाच वेळी हसल्या, आणि छत्रीचे हसणे मध्येच रडण्यात गेले. वहिनी रडली नाही.

*

थोरला खुर्चीत बसला होता. त्याला राग यायला हवा होता आणि तो येत होता, पण सरळ रेषेत येत नव्हता. प्रत्येक कर्जावर शेवटची सही त्याची होती. सही करण्यापूर्वी तो अर्जाचे सगळे कागद उलटून एकच ओळ बघायचा, बायकोच्या अक्षरातली. एकतीस वर्षांत तो स्वतः एकदाही कुठल्या यंत्राजवळ गेला नव्हता. हातांना तेल लागते, आणि पेढीवर बसणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, असे त्याने कधीतरी ठरवून टाकले होते.

"मी तुझी एक ओळ वाचून सह्या करत आलो," तो म्हणाला.

"हो."

"दुसरं काही वाचलंच नाही."

"माहीत आहे. म्हणून तर एवढं सोपं गेलं."

तो मुलीकडे वळला. "ही सहा वर्षं काढून टाकलीस तर रेघ काय सांगते?"

छत्री आशेने पुढे वाकली. धाकट्यानेही मान वर केली. पट्टीला ते दिसले, आणि आपण जे बोलणार आहोत ते कुणालाच आवडणार नाही हेही.

"रेघ पंचविसाव्या वर्षाला थांबते. पुढं कोरं. हात अजून चालतो असं म्हणता येणार नाही, चालत नाही असंही नाही. या सहा वर्षांचं आपल्याला काहीच माहीत नाही, एवढंच लिहिता येईल."

"पण कंपनीनं तपासलंय की सगळं," छत्री म्हणाली.

"कंपनीनं हप्ते तपासले, आत्या. हप्ते वेळेवर आहेत. त्यांच्या हिशेबात काका सगळ्यांत चांगले गिऱ्हाईक आहेत."

"त्या फोनवर कर्ज मागून बघितलं मी," धाकटा म्हणाला. "गेल्या महिन्यात. सात मिनिटं म्हणतात. चार लागली."

थोरल्याने दोन्ही तळहातांनी तोंड पुसले. "म्हणजे आज पाच वाजता मी त्यांना काय विकतोय? पेढी विकतोय की गार लोखंड?"

त्याने कागद ओढून घेतला, आपल्या सहीवर एक आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली, आणि कागद धाकट्यासमोर सरकवला. धाकट्याने पेन उचलले. मग त्यानेही रेघ मारली. त्याची रेघ वाकडी आली.

"प्लॉट विकावे लागतील," थोरला म्हणाला.

"हो."

"पुरतील?"

"भाव आहे तोवर विकले तर बहुतेक पुरतील. पण दादा, शहरात निम्मे लोक तेच करायला निघाले तर भाव राहणार नाही."

हे सगळ्यांत खरे वाक्य होते आणि धाकट्याच्या तोंडून आले होते. थोरल्याने त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिले. मग फोन उचलून कंपनीच्या माणसाला सांगितले की आज येऊ नका, आमची तपासणी राहिली आहे. पलीकडून काही विचारले गेले. "नाही, तुमची नाही. आमची," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सव्वाचार झाले होते.

"वही कुठाय?"

वहिनीने कपाटातून चालू वर्षाची वही काढली आणि टेबलावर ठेवली, त्याच्या हातात दिली नाही. "मी आता लिहिणार नाही. माझ्या अक्षराला किंमत राहिली नाही."

"लिहू नकोस. बरोबर चल." तो उठला. धाकट्यासमोर त्याने हात पसरला. "किल्ली."

*

स्प्रिंगांचा कारखाना पेढीपासून चारशे पावलांवर होता. पट्टीने पावले मोजली, सवयीने. गल्लीत दोन्ही बाजूंनी कारखाने होते. काहींतून यंत्रांच्या पट्ट्यांचा फटफट आवाज येत होता, काहींची शटरे गुडघ्यापर्यंत उघडी होती आणि आत अंधार होता. वहिनी खाली बघत चालत होती. प्रत्येक दार तिला ओळखत होते.

किल्ली लागली नाही, कारण दार उघडेच होते. आत एक म्हातारा कारागीर पोत्यावर बसून दुसरीकडून आणलेल्या स्प्रिंगा दहा-दहाच्या पुड्यांत भरत होता. मालकांचे सगळे घर दारात पाहून तो उठला, आणि वहिनीच्या जागी थोरल्याच्या हातात वही पाहून पुन्हा बसला.

रंगवलेले यंत्र मधोमध होते. हिरवा रंग अजून चकचकीत होता. रंग निघाला नव्हता, कारण त्याला काही घासलेच नव्हते.

"कुठं ठेवायचा?" थोरल्याने विचारले.

"मोटारीवर नको. मोटार लबाड असते, पाच मिनिटं रिकामी फिरवली तरी तापते," वहिनी म्हणाली. "खाली. हे जाड आहे ना, इथं. पूर्ण तळवा."

त्याने बाही वर केली. तळहात टेकवला. लोखंडाचा गारवा मनगटापर्यंत चढला, इतका स्पष्ट की त्याला नवल वाटले. एवढी सोपी गोष्ट होती. एकतीस वर्षे ती त्याच्यापासून चारशे पावलांवर होती.

"एक," तो मोठ्याने म्हणाला. "दोन."

धाकटा शटरच्या कडेला टेकून उभा होता. कानशिलावर पांढरे केस आलेला, नऊ वर्षांचा.

"तीन. चार."

म्हाताऱ्याच्या हातातली स्प्रिंग पुड्यात न पडता तशीच राहिली.

थोरला पुढचा आकडा बोलला नाही. त्याचा हात यंत्रावर होता आणि डोळे धाकट्यावर. हात तसाच राहिला. तिथल्या कुणाला ते चटकन कळले नाही. वहिनीला कळले. लोखंडाचा गारवा आता थोडा कमी वाटत असेल, हेही तिला कळले. आणखी थोडा वेळ, मग आणखी थोडा कमी.

"अहो," ती म्हणाली, "पाच झाले."

त्याने हात काढला. वही गुडघ्यावर टेकवून, तेलाचा डाग कागदाला लागू न देण्याची धडपड न करता, त्याने आजची तारीख घातली आणि पुढे आपल्या लांब, सवय नसलेल्या अक्षरात लिहिले: गार.

मग पान न मिटता त्याने विचारले, "पुढचा कोण?"

"कुलूपवाला," वहिनी म्हणाली. "समोरच्या बाजूला. तिसरं दार."